शेवटचा आकडा एजंटला सांगू नका

घराच्या व्यवहारात उतरण्यापूर्वी एक साधा हिशेब करून बघावा. पुण्यात ८० लाखांचा जुना फ्लॅट विकायला काढला आहे आणि एजंटची दलाली १ टक्का ठरली आहे. सौदा ८० लाखांना झाला तर त्याला ८० हजार मिळतील, ८२ लाखांना झाला तर ८२ हजार. मालकाला पडणारा फरक दोन लाखांचा, एजंटला पडणारा दोन हजारांचा. त्या दोन हजारांसाठी आणखी महिनाभर माणसं दाखवायला आणायची, किल्ल्या सांभाळायच्या आणि हातात आलेली पार्टी निसटण्याचा धोका घ्यायचा, हे त्याला परवडत नाही. म्हणून “साहेब, देऊन टाका, भाव बरा आहे” असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत असतोच असं नाही. त्याच्या हिशेबाने भाव खरोखरच बरा असतो.

हा तर्क कोणी तपासूनही पाहिला आहे. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा काय करतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं आलं की तशाच इतर घरांपेक्षा एजंटांची स्वतःची घरं सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली आणि ३.७ टक्के जास्त भावाने गेली. आपल्या ८० लाखांच्या फ्लॅटवर हा फरक जवळजवळ तीन लाखांचा होतो.

आपल्याकडे गुंता आणखी एक आहे. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांच्या बाजारात बऱ्याचदा एकच एजंट विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. दोघांनाही तो म्हणतो, मी तुमचा माणूस. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, धंद्याची रीतच तशी पडली आहे. पण त्यातून एक नियम निघतो आणि तो शेवटपर्यंत पाळावा लागतो: एजंटला सांगितलेली गोष्ट समोरच्या पार्टीला सांगितली, असंच धरून बोलायचं.

लोक नेमकं उलट करतात. घर बघायला गेल्यावर परतीच्या वाटेत एजंट सहज विचारतो, “बजेट किती ताणता येईल?” आणि आपण म्हणतो, “तसं ७५ ठरवलंय, पण घर मनासारखं असेल तर ८० पर्यंत जाऊ.” त्या क्षणी ८० हा आकडा तळाचा झाला. बँकेचं मंजुरीपत्र पूर्ण रकमेसह व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे तोच आकडा लेखी देणं. जूनमध्ये मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत राहायला जायचं आहे, आधीचं घर विकून झालं आहे, सासूबाईंना हीच सोसायटी हवी आहे, या सगळ्या वाक्यांनाही किंमत असते. विकणाऱ्यांचंही तसंच. दुसरीकडे बुकिंग केलंय, हप्ता सुरू झालाय, भावाला त्याचा हिस्सा द्यायचाय, हे कळलं की समोरची बोली दोन लाखांनी खाली येते. एजंटशी घराबद्दल मोकळेपणाने बोला: दिशा, मजला, पार्किंग, पाण्याची वेळ, सोसायटीतलं वातावरण. पैसा आणि घाई या दोन विषयांवर तोंड बंद ठेवा. कर्ज मंजूर आहे का, असं विचारलं तर “हो, बँकेचं झालं आहे” एवढं उत्तर पुरतं.

मग आपला आकडा ठरवायचा कसा? एजंट सांगतो तो “एरियाचा रेट” हा बहुतेक वेळा मागितलेल्या किमतींचा रेट असतो, मिळालेल्या किमतींचा नव्हे. मिळालेली किंमत कुठे नोंदलेली असते, तर नोंदणी व मुद्रांक विभागात. विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची विनामूल्य सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव किंवा पेठ, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात ती, उघडता येते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्ष-दीड वर्षातले तीन-चार व्यवहार काढा आणि मोबदल्याला कार्पेट क्षेत्राने भागा. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, हे दस्तात वाचून घ्या. ही संध्याकाळभराची मेहनत आहे. वीस घरं बघून जे कळत नाही ते तिच्यातून कळतं. एखाद्या व्यवहारात काही रक्कम रोखीने गेलेली असू शकते, म्हणून एकाच दस्तावर विसंबू नका. तीन-चार आकडे जवळपास आले की भाव हाती लागला.

रेडी रेकनर हा बाजारभाव नाही. ते मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेले दर आहेत. कुठे ते बाजाराच्या खाली असतात, कुठे वर. पण ते माहीत हवेत, कारण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतल्या मोठ्या रकमेवर भरावं लागतं. शिवाय रेकनरची किंमत सौद्याच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर निघाली तर त्या फरकावर प्राप्तिकराचा प्रश्न घेणारा आणि विकणारा, दोघांपुढेही उभा राहतो.

भाव कळल्यावर तुमची वरची मर्यादा काढा, आणि ती घराच्या किमतीवरून काढू नका. एकूण हातात किती आहे, तिथून मागे या. समजा बचत, कर्ज आणि घरच्यांची मदत धरून ८५ लाख उभे राहतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के, नोंदणी शुल्क कमाल ३० हजार, दलाली १ टक्का धरली आणि सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम कमाल २५ हजार. हे सगळं बसवलं तर घराची किंमत ७८ लाखांच्या आसपास थांबवावी लागते. त्यापुढे रंगकाम आहे, गळती आहे, स्वयंपाकघराचा ओटा आहे. घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ७८ हजार वाचतात. नवऱ्याचं नावही घातलं की ती सवलत जाते. बँक घराच्या किमतीच्या प्रमाणात कर्ज ठरवताना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च साधारणपणे त्या किमतीत धरत नाही, त्यामुळे तो रोख हाताशी लागतो. प्रीमियमबद्दलही सांगायला हवं: सोसायट्या “विकासनिधी” किंवा “देणगी” म्हणून लाखभर मागतात, पण सक्तीने तसं घेता येत नाही. प्रीमियम कोणी भरायचा, हे बैठकीतच ठरवून टाका.

ही मर्यादा कागदावर लिहा, घरातल्या निर्णय घेणाऱ्या माणसांना दाखवा आणि बैठकीला जाताना कागद घरी ठेवा. बैठकीच्या टेबलावर “आणखी एकच लाख, कशाला अडवता” हे वाक्य हमखास येतं. तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांकडे बघणंही समोरचा वाचत असतो.

आता बोली. मालकाने ८२ लाख सांगितले आहेत आणि तुमची मर्यादा ७८ आहे. पहिली बोली अपमान वाटेल इतकी खाली नको. तिच्यामागे कारण मात्र हवं. “७४ लाख. याच इमारतीत तिसऱ्या मजल्याचा दस्त या भावाने झाला आहे, आणि इथे बाथरूमची गळती काढायला खर्च आहे.” कारणासह दिलेला आकडा मालकाला खोडावा लागतो, नुसता आकडा तो हसून उडवतो. पुढची वाढ दर वेळी लहान करत न्या: ७४, मग ७६, मग ७७, मग ७७ लाख ४० हजार. पायऱ्या आखूड होताना दिसल्या की आता फार उरलेलं नाही, हे समोरच्याला न सांगता कळतं. दोन-दोन लाखांनी चढत गेलात तर तो पुढच्या दोनची वाट बघत बसतो. आणि समोरून उत्तर आल्याशिवाय आपणच आपली बोली वाढवू नका. एजंट म्हणेल, “मालक ७४ ला ऐकणारच नाहीत, थोडं वाढवून द्या, मग मी बोलतो.” त्याला म्हणा, “आधी हे सांगा, त्यांचा आकडा आणा.”

किंमत सोडूनही देण्यासारखं बरंच असतं, आणि तिथेच अनेक सौदे जमतात. मालकाला नवं घर मिळायला चार महिने लागणार असतील तर ताबा उशिरा घ्यायची तयारी दाखवा. त्याला रक्कम लवकर हवी असेल तर साठेखताच्या वेळी मोठा हिस्सा द्या. कर्जाची कागदपत्रं तयार आहेत, वकिलाने शीर्षक तपासून ठेवलं आहे, हे ऐकून विकणारे लाखभराचा फरक सोडतात, कारण अर्ध्यावर मोडलेला सौदा त्यांनाही महागात पडलेला असतो.

“कालच एका पार्टीने ८० सांगितलेत, आज संध्याकाळपर्यंत सांगा” हे तुम्हाला ऐकावं लागणारच. ते खरं असू शकतं, नसूही शकतं, आणि खरंखोटं शोधत बसायची गरज नाही. तुमचा आकडा तुमच्या हिशेबातून आला आहे, त्या पार्टीमुळे तो बदलत नाही. उत्तर असं द्यावं: “त्यांचं जमत असेल तर जरूर करा. आमचा आकडा शनिवार संध्याकाळपर्यंत कायम आहे.” मुदतीशिवाय बोली ठेवू नका. उघडी ठेवलेली बोली दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढवायला वापरली जाते.

विकणाऱ्यांकडे खरोखरच दोन-तीन पार्ट्या आल्या तर मात्र फोनवर एकेकाला चढवत बसू नये. त्यात बरी माणसं दुखावून निघून जातात. सगळ्यांना एकच निरोप द्यावा: रविवारी संध्याकाळपर्यंत आपला शेवटचा आकडा, पैसे देण्याचं वेळापत्रक आणि कर्जाची स्थिती लेखी कळवा. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगू नये. मग सर्वांत मोठा आकडा डोळे झाकून घेण्याऐवजी, कोणाचा सौदा पूर्ण होण्याची खात्री जास्त, ते बघावं. ८१ लाख देणाऱ्याचं कर्ज अजून अर्जाच्या पातळीवर असेल आणि ८० वाल्याची बँक तयार असेल, तर मी ८० वाल्याला देईन.

एजंट नेमतानाही विकणारे एका ठिकाणी हमखास फसतात. तीन एजंट बोलावतात आणि जो सर्वांत मोठी किंमत सांगेल त्याला काम देतात. ती किंमत काम मिळवण्यासाठी सांगितलेली असते. दोन महिन्यांनी “मार्केट डाऊन आहे” म्हणत तोच माणूस तुम्हाला खाली आणतो, आणि तोवर घर “पडून राहिलेलं” म्हणून बदनाम झालेलं असतं. त्याऐवजी विचारा: या भागात गेल्या वर्षभरात तुम्ही कोणते फ्लॅट विकले, त्यांचे इंडेक्स टू दाखवाल का? ज्याने काम केलेलं असतं तो लगेच दाखवतो. दहा एजंटांना किल्ली देणंही शहाणपणाचं नाही. एकच फ्लॅट वेगवेगळ्या पोर्टलवर चार किमतींना दिसला की घेणारा सर्वांत खालची किंमत धरून येतो. एक-दोन एजंट नेमा, तीन महिन्यांची लेखी मुदत द्या, काम दिसलं नाही तर बदला.

महारेराची नोंदणी तपासाच, पण ती कुठवर पोचते तेही समजून घ्या. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. महाराष्ट्रात १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना परीक्षा देऊन मिळवलेलं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. नोंदणी न करता असा धंदा करणाऱ्याला दिवसाला १० हजार रुपये, आणि एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. पण वीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट रेराच्या प्रकल्पांत येत नाही, त्यामुळे तिथल्या सौद्यात हे कवच तुमच्या अंगावर नसतं. नोंदणीकृत एजंट निदान नावा-पत्त्यानिशी सापडतो, शिकलेला असतो आणि त्याला गमावण्यासारखं काही असतं, म्हणून जुन्या घरासाठीही तोच बरा. बाकीची काळजी आपली आपणच घ्यायची.

त्या काळजीत पहिली गोष्ट म्हणजे दलालीचं पत्र. किती टक्के, जीएसटी धरून की वेगळा, आणि द्यायची केव्हा, हे घर बघायला सुरुवात करण्याआधी लिहून घ्या. टोकनच्या दिवशी सगळी दलाली देऊ नका. अर्धी साठेखताच्या नोंदणीनंतर आणि उरलेली ताबा मिळाल्यावर ठेवा, म्हणजे कागदपत्रांत अडचण आली तरी त्याचा उत्साह टिकतो. तुम्ही समोरच्याकडूनही दलाली घेणार आहात का, हे सरळ विचारा. “हो” म्हणणारा एजंट मला “तुमच्याकडूनच घेतोय” म्हणून शपथा घेणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. काही एजंट मालकाला विचारतात, “तुमच्या हातात किती पाहिजेत ते सांगा, वरचं मी बघतो.” मालक ७६ सांगतो, एजंट घेणाऱ्याला ८१ सांगतो आणि मधले पाच लाख गिळायची सोय करतो. यासाठी त्याला दोन्ही पार्ट्या समोरासमोर येऊ द्यायच्या नसतात. म्हणून भाव ठरताना मालक आणि घेणारा एका टेबलावर बसलेच पाहिजेत. एजंट वारंवार ती भेट टाळत असेल तर तो सौदा सोडा. एजंटाने तुमच्या नकळत स्वतःचा असा फायदा साधला असेल तर तो मागून घेण्याचा हक्क १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २१६ मध्ये आहे. पण कोर्टाची वाट धरण्यापेक्षा एक बैठक स्वस्त पडते.

टोकन फक्त मालकाच्या नावे, धनादेशाने किंवा बँकेतून द्या, एजंटच्या हातात नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मूळ दस्त, शेअर सर्टिफिकेट आणि मालकाचं कर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्र बघितल्याशिवाय तेही देऊ नका. विसार पावतीत ठरलेली किंमत, साठेखताची तारीख आणि रक्कम परत मिळण्याच्या अटी लिहा: शीर्षक स्वच्छ निघालं नाही, बँकेने या घरावर कर्ज नाकारलं, सहमालकाने सही केली नाही, तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. रोखीचा आग्रह आला तर नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि सौदा मोडला तर त्या रकमेचा पुरावा कुठेच नसतो. ५० लाख किंवा त्यावरच्या घरासाठी खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, हेही आधीच बोलून ठेवा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नका. परदेशात राहून पुण्या-ठाण्यातलं घर विकणाऱ्यांनी कुलमुखत्यारपत्र नात्यातल्या विश्वासू माणसाला, त्या एका घरापुरतं द्यावं. एजंटला देऊ नये, तो कितीही ओळखीचा असो.

खरीखुरी बोली लागते ती बँकांच्या ई-लिलावात. सरफेसी कायद्याखाली जप्त केलेली घरं बँका राखीव किंमत जाहीर करून विकतात आणि ती बाजारापेक्षा कमी दिसते म्हणून हल्ली मध्यमवर्गीयही तिकडे वळतात. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत आधी भरावी लागते. बोली लागली की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी द्यायची. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, मुदतवाढ लेखी मिळाली तरी तीन महिन्यांच्या आत. नाही जमलं तर भरलेले पैसे जप्त. म्हणजे कर्ज आधी पक्कं केल्याशिवाय इथे हात वर करायचाच नाही. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाची चलाखी चालत नाही. चालते ती फक्त आधी लिहून ठेवलेली मर्यादा. पहिल्या लिलावात कोणी आलं नाही तर पुढच्या वेळी राखीव किंमत बहुधा उतरते, म्हणून घाई असायलाच हवी असं नाही.

तिथे एजंट “पझेशनचं मी बघून घेतो” म्हणत पुढे येतात. आधी जाहिरात वाचा: बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की प्रतीकात्मक? प्रतीकात्मक असेल तर जुना मालक अजून आत राहतो आहे. सोसायटीत जाऊन थकबाकी विचारा, मालमत्ता कराची बाकी बघा, कर्जदाराने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली आहे का, ते वकिलाकडून काढा. घर “आहे त्या स्थितीत” विकलं जातं आणि नंतर निघालेली बाकी सहसा घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. वकिलाला द्यायचे पंधरा-वीस हजार इथे सर्वांत आधी खर्च करा, बोली त्यानंतर लावा.